वाचक ओळखून लेखन : पटवून देणारे पत्र वर्गात कसे शिकवावे?

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत पत्रलेखन शिकविले जाते. मायना, दिनांक, विषय, मजकूर, शेवट व सही या अंगांचा सराव होतो, आणि ही अंगे यथास्थित असली म्हणजे विद्यार्थ्यास पुरे गुण मिळतात. परीक्षेच्या दृष्टीने हे ठीकच आहे. परंतु व्यवहारातील पत्राची परीक्षा निराळी असते. ज्याला पत्र लिहिले त्याने ते वाचले काय, त्याला म्हणणे पटले काय, आणि पटल्यावर त्याने काही केले काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तेथे पत्राचे यश ठरते. मायना निर्दोष असूनही फाइलीत पडून राहणारे अर्ज प्रत्येक कचेरीत आढळतात. उलट चार ओळींच्या साध्या चिठ्ठीने काम झाल्याची उदाहरणेही प्रत्येक गावात आहेत.

हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार शिक्षकाने अवश्य केला पाहिजे. खेड्यातील मुलाला पुढील आयुष्यात तलाठी, ग्रामपंचायत, बँक, कारखाना, वीज कार्यालय, इस्पितळ अशा अनेक ठिकाणी आपले म्हणणे लेखी मांडावे लागते. ज्याला ते साधत नाही त्याला दुसऱ्याकडून अर्ज लिहून घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्याच शब्दांत आपली गरज अर्धवट सांगावी लागते. म्हणून पटवून देणारे लेखन ही शोभेची कला नसून नागरिकत्वाच्या शिक्षणाचा भाग होय.

१. वक्ता, विषय आणि श्रोता

आपला विषय दुसऱ्यास कसा पटवून द्यावा याचे शास्त्र फार प्राचीन आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पटवून देण्याची तीन साधने सांगितली : बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनाची स्थिती, आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. वर्गातील निबंधलेखनात यांपैकी तिसऱ्या साधनाकडेच लक्ष दिले जाते. ‘मुद्दे लिही’ असे आपण मुलास सांगतो; परंतु ते मुद्दे कोणापुढे मांडावयाचे आहेत आणि मांडणाऱ्यावर त्याने विश्वास का ठेवावा, हे बहुधा सांगत नाही.

आपल्याकडील कीर्तनकारांना हे शास्त्र अनुभवाने अवगत होते. गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) कीर्तन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. ते श्रोत्यांच्याच बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. स्वच्छता, व्यसनमुक्ती किंवा कर्ज काढून केलेले सण हा विषय असला, तरी आरंभ श्रोत्यांच्या घरातील गोष्टीपासून होई. माणसाला दुसऱ्याने सांगितलेल्या मतापेक्षा आपल्याच तोंडून निघालेले उत्तर अधिक पटते, हे त्यामागील तत्त्व होय.

२. संवादसमूह म्हणजे काय?

श्रोता किंवा वाचक हा एकटा नसतो. तो एखाद्या समूहाचा घटक असतो, आणि त्या समूहाच्या बोलण्या-लिहिण्याच्या काही रीती असतात. जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा समूहाची लक्षणे सांगितली. त्या समूहाची काही समान उद्दिष्टे असतात. परस्परांशी संपर्क ठेवण्याची ठरावीक साधने असतात. लेखनाचे ठरलेले प्रकार असतात. खास शब्द असतात. आणि या रीती जाणणारी पुरेशी माणसे त्यात असतात. आपण त्यास मराठीत ‘संवादसमूह’ म्हणू.

ही कल्पना समजण्यास ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या टापूइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे कल्याणजवळील लष्करी छावणीत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव देण्यात आले. आजही तेथील पत्ता ‘कॅम्प’च्या क्रमांकाने सांगितला जातो. तेथील व्यापाऱ्याच्या बोलण्यात माल, उधारी, वायदा, भाव हे शब्द येतात. घरी सिंधी, दुकानात हिंदी आणि कचेरीत मराठी अशा तीन भाषा तो सहज वापरतो. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत तशीच देवनागरीतही लिहिली जाते. तिला स्वतःचे राज्य नाही. तथापि सिंधी समाजाने आपली मागणी दिल्लीस पटवून दिली आणि १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश झाला.

अंबरनाथ येथे आयुध निर्माणी व औद्योगिक वसाहत असल्यामुळे पाळी, जादा काम, सुरक्षा, उत्पादन ही तेथील नित्याची भाषा आहे. बदलापुराहून रोज मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदारांचे आयुष्य गाडीच्या मिनिटांवर बांधलेले असते. ‘जलद’, ‘धीमी’, ‘पास’, ‘शेवटची गाडी’ या शब्दांत त्यांचा दिवस मावतो. तालुक्यातील खेड्यांत मात्र सातबारा, फेरफार, गुंठा, बांध, आवणी हे शब्द चालतात. आगरी कुटुंबांची बोली निराळी, ठाकूर व कातकरी वाड्यांतील बोली त्याहूनही निराळी.

एकच मूल यांपैकी दोन-तीन समूहांत वावरते. वडील कारखान्यात, आजोबा शेतावर, आई बचतगटात आणि मूल शाळेत, असे चित्र या भागात नवे नाही. मूल आजोबांशी एका रीतीने बोलते आणि गुरुजींशी दुसऱ्या रीतीने. म्हणजे समूह ओळखून बोलण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी आधीपासून असते. ती बोलण्यातून लेखनात आणणे एवढेच शिक्षकाचे काम आहे.

संवादसमूह केवळ शब्दांत भिन्न नसतात. पुरावा कशास म्हणावे याविषयीही ते भिन्न असतात. उल्हास नदीच्या पुराचे उदाहरण घ्यावे. पाटबंधारे खात्याच्या लेखी बदलापूर येथे १६.५० मीटर ही इशारा पातळी आणि १७.५० मीटर ही धोका पातळी होय. काठावरील वृद्ध शेतकऱ्यास हे आकडे फारसे काही सांगत नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरात पाणी कोणत्या झाडापर्यंत किंवा कोणत्या देवळाच्या पायरीपर्यंत आले होते, ही त्याची मोजपट्टी असते. दोन्ही पुरावे खरे आहेत. परंतु अभियंत्यापुढे पायरीची आणि शेतकऱ्यापुढे मीटरची गोष्ट काढली, तर दोघांनाही लिहिणारा परका वाटतो.

३. दगडावर कोरलेला धडा

वाचक ओळखून लिहिण्याचे एक जुने उदाहरण याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. अंबरनाथचे शिवमंदिर उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळचे. तेथील शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या, संस्कृत शिलालेखात राजा मुम्मुणी याचा उल्लेख येतो. याच घराण्यातील राजा अपरादित्य याचा शके ११०८ चा शिलालेख मुंबईतील परळ येथे सापडला. त्यातील दानाचा मजकूर संस्कृतात आहे. मात्र दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मराठीत आहे.

भाषेतील हा पालट विचारात घेण्याजोगा आहे. दानाचा तपशील पंडितांनी व पुढील राजांच्या अधिकाऱ्यांनी वाचावयाचा. तो त्या काळच्या राजव्यवहाराच्या भाषेत लिहिणे योग्य होते. पण जमिनीला हात लावण्याचा मोह गावातील माणसासही होणार, आणि त्याला आवरावयाचे तर त्याच्या कानावर त्याचीच भाषा पडली पाहिजे. कोकणात ठिकठिकाणी आढळणारे ‘गधेगाळ’ नावाचे दगड तर आणखी एक पाऊल पुढे जातात. त्यांवर वरच्या भागी चंद्र-सूर्य असतात, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो हे दान चालावे. मधल्या भागी पुष्कळदा लेख असतो. आणि खाली शापाचे अर्थ सांगणारे गाढवाचे चित्र असते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही चित्र वाचता येते. विद्वान, गावकरी आणि निरक्षर अशा तिघांसाठी एकाच दगडावर तीन रीतींनी एकच गोष्ट सांगितली आहे. शापाचे स्वरूप ग्राम्य आहे, यास्तव तो भाग मुलांपुढे आणण्याचे कारण नाही. चंद्र-सूर्य व दोन भाषा एवढ्यावरच धडा पुरा होतो.

४. ‘दर्पण’ आणि जोतीराव फुले

छापखान्याच्या काळात वाचकांचा हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यात मराठी व इंग्रजी असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले. एतद्देशीयांना नवे ज्ञान मिळावे आणि येथील लोकांचे विचार इंग्रज वाचकांनाही कळावेत, असे दुहेरी कार्य त्यांना करावयाचे होते. दोन वाचक आहेत हे मान्य करूनच त्यांनी पानाची आखणी केली.

याहूनही बोधप्रद उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. शेतकरी व कष्टकरी वर्गाला विद्या मिळाली पाहिजे, हा त्यांच्या आयुष्याचा एक प्रधान विषय. परंतु हा विषय त्यांनी निरनिराळ्या वाचकांपुढे निरनिराळ्या रूपांत मांडला.

१८६९ साली त्यांनी छत्रपती शिवाजीराजांवर पोवाडा रचला. पोवाडा हा कानांनी ऐकण्याचा प्रकार. कुणबी, माळी आदी लोकांना तो समजावा म्हणून आपण जड संस्कृत शब्द टाळले, असे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी संवादाचा आश्रय घेतला. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. वाचकाच्या मनात उठणारी शंका धोंडिबाच आधी विचारतो, त्यामुळे वाचक ग्रंथाबाहेर राहत नाही. त्याच ग्रंथाची अर्पणपत्रिका मात्र गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना उद्देशून आहे. गावातील वाचक आणि जगातील वाचक, दोघेही त्यांच्या नजरेपुढे होते.

१८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले, तेव्हा हा सारा थाट बदलला. निवेदन इंग्रजीत आहे, त्यावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे, आणि त्याचा आरंभ शिक्षणकार्यातील स्वतःच्या अनुभवापासून होतो. आयोगाने आपले म्हणणे का ऐकावे, याचे उत्तर त्यांनी प्रथम दिले. पुढे सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, मग त्या रयतेच्या शिक्षणावर इतका अल्प खर्च का, हा हिशेबाचा प्रश्न त्यांनी केला. नंतर मागण्या आहेत, आणि त्या मोघम नाहीत. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. शिक्षक प्रशिक्षित असावेत. त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो पंधरा किंवा वीस रुपये असावा. शिक्षणक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचा समावेश असावा. आयोगाचे काम शिफारशी करण्याचे; म्हणून शिफारशीत जशाच्या तशा घालता येतील अशा स्वरूपात त्यांनी मागण्या दिल्या.

याच निवेदनात त्यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, असेही सुचविले आहे. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. ज्याला पटवावयाचे त्याच्यात मिसळता आले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी शिक्षकाच्या नेमणुकीसही लावले.

पुढील वर्षी, १८८३ साली, ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा झाला. हा ग्रंथ लिहीत असताना त्यातील भाग त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर आदी ठिकाणच्या लोकांना वाचून दाखविले. त्यात शेतकऱ्याच्या घराचे व हालांचे बारीक वर्णन आहे, उपरोध आहे, संतापही आहे. आयोगापुढे हा संताप उपयोगी पडला नसता. आणि शेतकऱ्यांपुढे आयोगाची मोजकी भाषा निर्जीव ठरली असती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यातही हीच दृष्टी दिसते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी इंग्रजीत साक्ष दिली, आणि १९२० साली आपल्या समाजासाठी मराठीत ‘मूकनायक’ काढले.

या सर्व उदाहरणांतून वर्गासाठी एकच सूत्र निघते : गोष्ट एक, वाचक अनेक, म्हणून मांडणी अनेक.

५. एक आदर्श पाठ : ओढ्यावरील साकव

आता हे सूत्र वर्गात कसे आणावे ते पाहू. समजा, अंबरनाथ तालुक्यातील एका गावी शाळा ओढ्याच्या एका तीरावर आहे व एक वाडी दुसऱ्या तीरावर. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीतील चौदा मुले घरीच राहतात. तेथे साकव व्हावा अशी गावाची इच्छा आहे. सातवीच्या वर्गाने हा विषय घ्यावा.

प्रथम लेखन मुळीच करू नये. मुलांनी हजेरीपत्रकावरून जुलै व ऑगस्ट महिन्यांतील वाडीतील मुलांच्या गैरहजेरीचे दिवस मोजावेत. वाडीतील वडीलधाऱ्यांना ओढ्याविषयी विचारावे. वाडी किती अंतरावर, वळसा घालून येण्यास किती वेळ लागतो, हे टिपावे. ओढ्याजवळ जाण्याचे काम पावसाळ्यात मुलांना देऊ नये. कोरड्या दिवसांत व शिक्षकासमवेतच पाहणी करावी. माहिती जमल्यावर फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : ‘हे काम कोण करू शकेल?’ उत्तरे येतील : ग्रामपंचायत, पंचायत समिती, वाडीतील पालक, अंबरनाथचा एखादा कारखाना. वर्गाचे चार गट करून प्रत्येकास एक वाचक द्यावा. चारही गटांजवळ माहिती तीच राहील.

(अ) ग्रामसभेपुढे वाचावयाचे निवेदन. ग्रामसभेत बोलणे ऐकले जाते, वाचले जात नाही. म्हणून वाक्ये आखूड हवीत. गाव आपले आहे, हा धागा येथे उपयोगी पडतो. नमुना असा :

‘मा. सरपंच व ग्रामस्थहो, पलीकडच्या वाडीतील चौदा मुले आपल्याच शाळेत आहेत. गेल्या जुलैत नऊ दिवस त्यांचे बाक रिकामे राहिले. ओढा भरला होता. ती मुले आजारी नव्हती, आळशी नव्हती. आपल्या गावाच्या यंदाच्या विकास आराखड्यात साकवाचे काम घ्यावे आणि तसा ठराव आजच्या सभेत व्हावा, ही आम्हा मुलांची विनंती आहे.’

(आ) गटविकास अधिकाऱ्यांस अर्ज. हा मुख्याध्यापकांमार्फत जावयाचा. अधिकाऱ्यापुढे रोज अनेक कागद येतात. विषय एका ओळीत कळला नाही तर कागद बाजूला पडतो. येथे नियम, ठराव, आकडे व जोडपत्रे यांना महत्त्व आहे :

‘विषय : शाळा व वाडी यांमधील ओढ्यावर साकव मंजूर होणेबाबत. संदर्भ : ग्रामसभेचा ठराव. महोदय, उपरोक्त ठिकाणी साकव नसल्यामुळे वाडीतील इयत्ता पहिली ते सातवीचे चौदा विद्यार्थी जुलै महिन्यात नऊ दिवस शाळेत येऊ शकले नाहीत. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांस शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमाच्या दृष्टीने ही बाब विचारात घेऊन जागेची पाहणी करण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती. सोबत : ठरावाची प्रत, हजेरीचा तक्ता, जागेचा नकाशा.’

अधिकाऱ्याकडे एकदम ‘साकव बांधा’ असे न मागता ‘पाहणीचे आदेश द्या’ असे मागितले आहे, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. ज्याच्या हाती जे पहिले पाऊल असेल, तेच त्याच्याकडे मागावे.

(इ) वाडीतील पालकांस निरोप. साकव मंजूर होण्यास काळ लागेल. तोवरच्या सोयीसाठी पालकांची मदत हवी. सर्व पालक वाचणारे असतीलच असे नाही, म्हणून हा मजकूर मुलांनी घरी तोंडी सांगावयाचा आहे. तो वाडीतील बोलीत तयार केला तर फारच उत्तम. त्या बोलीला वर्गात कोणी हसता कामा नये. कारण या कामापुरती तीच सर्वांत योग्य भाषा आहे. आशय असा :

‘काका, मावशी, पाऊस फार असला की आम्हांला एकटे सोडू नका. पण घरीही बसवू नका. रोज दोन मोठी माणसे पाळीपाळीने आमच्याबरोबर वळशाच्या वाटेने येतील काय? येत्या रविवारी त्या वाटेवरची झुडपे तोडावयाची आहेत. गुरुजी येणार आहेत, तुम्हीही कोयता घेऊन या.’

(ई) कारखान्यास विनंतीपत्र. येथे वाचकाची माहिती आधी मिळविणे अगत्याचे असते. २०१३ च्या कंपनी अधिनियमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना, म्हणजे ज्यांचे निव्वळ मूल्य पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे अशांना, आपल्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदारावर असे बंधन नाही. पहिल्यास ‘आपल्या सामाजिक दायित्व निधीतून’ असे लिहिता येईल. दुसऱ्यास तसे लिहिले तर तो दुखावेल. त्याला सळई, सिमेंट किंवा कारागिराचे दोन दिवस अशी झेपेल तेवढी मदत मागावी. कारखान्यात काम करणारे काही पालक याच गावचे असतील, तर तो दुवा नम्रपणे सांगावा. हे पत्र मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या सहीनेच जावे; मुलांनी थेट पैसे मागू नयेत.

चारही मजकूर तयार झाल्यावर ते भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत. मग मुलांनी फरक शोधावेत. कोठे आकडा आधी आला? कोठे ‘आपले’ हा शब्द आला आणि कोठे ‘उपरोक्त’? कोठे काहीच जोडपत्र नाही, आणि का नाही? या चर्चेत अर्धी तासिका गेली तरी तो वेळ सत्कारणी लागेल.

६. सत्याची मर्यादा

या पाठात एक धोका आहे, तो शिक्षकाने प्रथमपासून ध्यानात ठेवावा. वाचक पाहून मांडणी बदलावयाची असे शिकविताना, वाचक पाहून गोष्टच बदलावयाची असा समज मुलाचा होऊ शकतो. जुलैत नऊ दिवस गैरहजेरी होती, तर ग्रामसभेत ती नऊ व कचेरीत वीस होता कामा नये. कचेरीत गहिवर आणण्यासाठी न घडलेला अपघात लिहिणे, किंवा कारखानदारास खूश करण्यासाठी खोटी स्तुती करणे, हे पटवून देणे नव्हे. ती फसवणूक होय. ती एकदा उघडकीस आली म्हणजे पुढचे खरे पत्रही वाचले जात नाही.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. एका वाचकाचे पत्र दुसऱ्याच्या हाती पडले असता लिहिणाऱ्यास लाज वाटेल काय, असे मुलांना विचारावे. गटविकास अधिकाऱ्याने वाडीतील निरोप ऐकला किंवा पालकाने कचेरीतील अर्ज वाचून घेतला, तरी दोघांनाही तीच हकीकत आढळली पाहिजे. फुल्यांचा पोवाडा, निवेदन व असूड यांत स्वर भिन्न आहेत. पण विद्येवाचून कष्टकऱ्याची हानी होते हे म्हणणे तिन्ही ठिकाणी अभंग आहे.

दुसरा धोका उलट बाजूचा. कचेरीची भाषा शिकलेले मूल पुढे आपल्याच माणसांशी त्याच भाषेत बोलू लागते आणि घरची बोली हलकी मानू लागते. असा शिकलेला तरुण कचेरीत मान मिळवितो. परंतु वाडीत त्याचे कोणी ऐकत नाही. त्याने एक भाषा मिळवून दुसरी गमावली, एवढाच त्याचा अर्थ. मुलाला नव्या समूहात प्रवेश मिळावा आणि जुन्या समूहातील त्याचे स्थान टिकावे, असे दुहेरी ध्येय शिक्षकाने ठेवले पाहिजे.

७. शिक्षकांसाठी काही सूचना

(१) पत्रलेखनाचा कोणताही स्वाध्याय देताना वाचकाचे नाव, हुद्दा व त्याच्या हाती असलेले अधिकार फळ्यावर आधी लिहावेत. ‘मदतीसाठी पत्र लिहा’ एवढाच स्वाध्याय देऊ नये.

(२) लेखनापूर्वी प्रत्येक मुलाने चार प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहावीत. हे कोण वाचणार? त्याला याविषयी आधी काय माहीत आहे? तो कशाला पुरावा मानतो? वाचून झाल्यावर त्याने नेमके काय करावे?

(३) चौथी-पाचवीत दोनच वाचक घ्यावेत. उदाहरणार्थ, वर्गात वाचनपेटी हवी या विषयावर एक चिठ्ठी मुख्याध्यापकांस व एक धाकट्या भावंडास. सहावी-सातवीत वाचकांची संख्या वाढवावी.

(४) लेखनाआधी अभिनय घ्यावा. एका मुलाने सरपंच व्हावे, दुसऱ्याने अधिकारी, तिसऱ्याने पालक. लिहिणाऱ्याने आपला मजकूर त्यास वाचून दाखवावा, आणि त्याने त्या भूमिकेतून शंका विचारावी. वाचकाच्या जागी बसलेले मूल जितके शिकते, तितके लिहिणारेही शिकत नाही.

(५) गुण देताना शुद्धलेखन व मायना यांस काही गुण जरूर ठेवावेत. परंतु निम्मे गुण वाचकाची योग्य ओळख, पुराव्याची निवड व मागणीची स्पष्टता यांसाठी असावेत.

(६) शाळेत एक आवक-जावक वही मुलांच्या हाती द्यावी. वर्गाने खरोखर पाठविलेल्या पत्राची तारीख, वाचक, मागणी व आलेले उत्तर तीत नोंदावे. महिनाभरात उत्तर न आल्यास आठवणीचे पत्र कसे लिहावे, हाही एक पाठ होतो. आठवणीच्या पत्रात राग न आणता पहिल्या पत्राची तारीख व विषय यांचा उल्लेख करावा.

(७) नकार आला तरी तो वर्गात वाचून दाखवावा. नकाराचे कारण कोणते दिले आहे, ते दूर करता येईल काय, की वाचकच चुकीचा निवडला होता, याचा विचार मुलांनी करावा. नकारातून पुष्कळदा योग्य कचेरीचा पत्ता मिळतो.

असा पाठ वर्षातून दोनदा झाला, तरी सातवी उत्तीर्ण होणाऱ्या मुलाच्या हाती एक कायमचे साधन पडेल. पुढे ते मूल शेतात राबो, कारखान्यात पाळी करो की रोज पहाटेची गाडी गाठो, आपल्या गरजेचा कागद त्याला स्वतः लिहिता येईल. आणि ज्या शेजाऱ्यास लिहिता येत नाही त्याचे म्हणणे त्याच्याच अर्थाने, बदल न करता, कचेरीपर्यंत पोहोचविता येईल. वाडीतील चौदा मुलांसाठी साकव होईल किंवा न होईल. त्या साकवासाठी चार दारांवर चार भाषांत एकच खरी गोष्ट सांगावयास शिकलेली मुले मात्र गावाच्या उपयोगी पडल्यावाचून राहणार नाहीत.